बिंग फुटलं!

माझ्या आयुष्यातली पहिली चेरी हे एक करवंद होतं.

हे मला कळलं साठी उलटल्यावर. कोकणातून पुण्याला शिकायला आलो, तेव्हा मामांनी मला एका इराण्याकडे नेऊन केकचा तुकडा खाऊ घातला होता. तुकड्याच्या डोक्यावर एक लालभडक गोळी बसवलेली होती. मामा गंभीरपणे म्हणाले, "ही चेरी. विलायती असते." मी ती अंगठीतल्या खड्यासारखी अलगद काढून बशीच्या कडेला ठेवली, केक संपवला आणि मग डोळे मिटून तोंडात टाकली. विलायत अशी लागते तर! पुढे कितीतरी वर्षांनी कुठंसं वाचनात आलं, की आपल्याकडच्या बेकऱ्यांतली चेरी म्हणजे बहुतेक वेळा बी काढून, पाकात मुरवून, लाल रंगात बुडवलेलं करवंद असतं. म्हणजे मे महिनाभर गावच्या सड्यावर ओंजळी ओंजळी करवंदं फुकट खाऊन आलेला मी, जूनमध्ये पुण्यात त्याच करवंदापुढे डोळे मिटून बसलो होतो.

तेव्हा चेरी आणि मी यांच्या संबंधात पहिल्यापासूनच थोडी लपवाछपवी आहे, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

खरी चेरी भेटली २०१५ साली, अमेरिकेत. आमचे चिरंजीव सिएटलजवळ बॉथेल नावाच्या गावी राहतात. संगणकाच्या कंपनीत काहीतरी करतात. काय करतात ते त्यांनी मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा मी 'असं, असं' म्हणालो आहे. त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं, आई-वडिलांसाठी अर्ज केला, आणि एके दिवशी सौ. आणि मी त्या देशाचे 'कायमचे रहिवासी' झालो. यातला 'कायमचे' हा शब्द फार सैल आहे. कायमचा रहिवासी आगाऊ परवानगीशिवाय वर्षाहून जास्त बाहेर राहिला, तर त्यानं आपला कायमपणा सोडला असं सरकार धरू शकतं. सहा महिने उलटले तरी विमानतळावर चौकशी होऊ शकते. म्हणजे माहेरपणाला जावं, तर सासरचे कॅलेंडर घेऊन बसलेले! पण आम्हांला त्याची फिकीर नव्हती. सदाशिव पेठेतल्या वाड्यात निघताना सगळ्यांना सांगून आलो होतो, "दोनेक वर्षं बघू. नातीला जरा मराठी शिकवू आणि येऊ परत." दोन खोल्यांना कुलूप लावून किल्ली समोरच्या बिऱ्हाडात दिली होती. पाण्याचं पिंपसुद्धा पालथं घातलं नव्हतं.

चिरंजीवांच्या घरामागे चार झाडं लावता येतील एवढी जागा होती आणि माझ्यापुढे अख्खा दिवस होता. सौ.चं म्हणणं पडलं, आंबा लावा. बॉथेलच्या हवेत हापूसचं कलम लावणं म्हणजे त्या बिचाऱ्याला डिसेंबरात पंचा नेसवून अंगणात उभं करणं. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये आम्ही झाडं विकणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "चेरी लावा. लाल देऊ की पिवळी?"

"पिवळी म्हणजे कच्ची?" मी विचारलं.

"नाही. पिकल्यावरही पिवळीच राहते. उन्हाकडच्या गालावर तेवढी लाली येते."

सौ.ला हे पटलं. तिचं फळांबद्दलचं शास्त्र साधं आहे. आंबा पिवळा, केळं पिवळं, पपई पिवळी, तेव्हा पिवळं ते पिकलेलं. लाल फळाच्या मनात काय असेल ते सांगता येत नाही. पिवळी ठरली. दुकानदारानं आतून जे आणून दिलं ते पाहून मात्र आम्ही दोघं गप्प झालो. माती नाही, कुंडी नाही, पान नाही. पाच फुटी काठी आणि तिच्या खालच्या टोकाला मुळांची विस्कटलेली दाढी. किंमत ३५ डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे २,४०० रुपये.

"एवढ्यात हापूसची पेटी आली असती," सौ. मराठीत म्हणाली.

"फळं कधी येतील?" मी इंग्रजीत म्हणालो.

"तीन ते पाच वर्षांत."

परत येताना काठी मोटारीत माझ्या आणि सौ.च्या मधून पुढे गेलेली होती. तिच्या पलीकडून सौ. म्हणाली, "अहो, पण आपण दोन वर्षांनी जाणार ना?"

"लावायला काय जातंय?" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच वेळा म्हटलं आहे आणि प्रत्येक वेळी काही ना काही गेलेलं आहे.

या पिवळ्या चेरीचं नाव रेनिअर. नाव तिथल्या डोंगरावरून ठेवलेलं. माउंट रेनिअर हा ४,३९२ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. वर्षातले बरेच दिवस तो ढगात दडी मारून असतो. ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी तिथले लोक एकमेकांना सांगतात, 'आज डोंगर बाहेर आलाय,' जसा काही तो दाढी करून ओसरीवर येऊन बसला आहे. तर त्या डोंगराची ही मानसकन्या. तिचा जन्म १९५२ साली त्याच राज्यात, प्रॉसर गावच्या संशोधन केंद्रात झाला. हॅरॉल्ड फोगल नावाच्या शास्त्रज्ञानं बिंग आणि व्हॅन या दोन जातींचा संकर केला. दोन्ही जाती काळपट लाल. आणि त्यांच्या पोटी निघाली ही पिवळी! मराठी घरात असं झालं असतं, तर आजीनं 'मुलगी पणजीवर गेली' म्हणून वेळ मारून नेली असती. शास्त्रज्ञही तेच म्हणतात, शब्द तेवढे जड वापरतात. १९६० पासून ती बागाबागांतून लागायला लागली.

एवढं सगळं वाचून काढल्यावर मला शेवटच्या पानावर एक ओळ सापडली. ती पहिल्या पानावर असायला हवी होती. ही चेरी एकटी लावली तर तिला फळ धरत नाही. तिच्या फुलाला दुसऱ्या जातीच्या चेरीचे पराग लागतात.

"म्हणजे हिला स्थळ बघायचं!" सौ. म्हणाली. ती एकदम उत्साहात आली. अमेरिकेत आल्यापासून तिला कुणाचं जमवायला मिळालं नव्हतं.

आणि हे काम काही सोपं नव्हे. चेरीमध्ये गोत्रं असतात. थट्टा नाही, खरोखर असतात. पानांना, फळांना काहीही नाव असो, ठरावीक गट एकमेकांचे पराग स्वीकारत नाहीत. बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन या तिघी दिसायला वेगळ्या, पण एका गोत्राच्या. तिघींना एका बागेत वर्षानुवर्षं ठेवलं तरी आपापसांत काही जमायचं नाही. हे गोऱ्या शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात कळलं. आमच्या भिकुभटजींनी ते पंचांग न उघडता सांगितलं असतं.

आमच्या सुदैवानं स्थळ कुंपणापलीकडेच होतं. शेजारी एक ऐंशी ओलांडलेले विधुर गृहस्थ राहत. विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले, बारा महिने एकच निळी टोपी. माझ्या आडनावातलं पहिलं अक्षर तेवढं त्यांना झेपलं. बाकीचं त्यांनी मला परत केलं. सौ.नं त्यांचं नाव 'अण्णा' ठेवलं, कारण तिच्या थोरल्या दिरांप्रमाणे ते बोलण्याआधी घसा खाकरत. या अण्णांच्या अंगणात बिंग चेरीचं भलंमोठं झाड होतं. १९८२ साली मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा लावलेलं.

मी कुंपणाशी जाऊन विचारलं, "तुमचं बिंग आमच्या रेनिअरला चालेल का?"

अण्णांनी घसा खाकरला. "चालेल. उत्तम चालेल."

गोत्र जुळलं. मी आनंदानं आत येऊन बातमी दिली. सौ.नं मात्र क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "थांबा. बिंग म्हणजे हिच्या आई-बापांपैकीच एक ना?"

त्यानंतर आमच्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

२०१८ च्या एप्रिलमध्ये पिवळीला (हे नाव नातीनं ठेवलं) पहिली फुलं आली. पांढरी, घोसाघोसानं. आता लग्नात निरोप्या हवा, आणि एप्रिलमध्ये तिथं थंडी आणि रिपरिप. अशा हवेत मधमाशी कामावर येत नाही. तिचं युनियन कडक आहे. म्हणून तिथले बागवाले गवंडी माशी नावाची एक निळसर माशी पाळतात. ती थंडीतही कामाला लागते, चिखलानं आपल्या खोल्यांची दारं लिंपते, मध देत नाही आणि सहसा चावतही नाही. तिचे कोष हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवायचे असतात. आमच्या सूनबाई फार समजूतदार आहेत. दह्याच्या भांड्यामागची डबी उघडल्यावर त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी ती बंद केली, चिरंजीवांना फोन केला आणि शांतपणे विचारलं, "बाबांना आणखी एखादा छंद लावता येईल का?"

२०१९ च्या जुलैत अकरा चेऱ्या धरल्या. अकरा! मी रोज सकाळी मोजत असे. तिसऱ्या दिवशी नऊ भरल्या.

इथं मला कावळ्यांबद्दल बोललं पाहिजे. बॉथेलमध्ये विद्यापीठाचं आवार आहे, तिथं हिवाळ्यात संध्याकाळी दहा हजारांहून जास्त कावळे मुक्कामाला येतात. सबंध आभाळ काळं होतं. लोक मुद्दाम बघायला जातात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ओंकारेश्वराचा घाट आला. वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना म्हणून आम्ही पाऊण तास उन्हात उभे होतो. मी आईला सांभाळीन म्हणून सांगितलं, धाकट्यानं कर्ज फेडीन म्हणून सांगितलं, शेवटी बहिणीनं 'बाबा, मी बी.ए. पुरं करीन' म्हटलं तेव्हा कुठं एक म्हातारा कावळा उपकार केल्यासारखा आला. आणि इथं हजारांनी बेकार बसलेले! कुणी बोलावलेलं नाही, दर्भ नाही, तीळ नाही, तरी चेरीला शिवायला एका पायावर तयार. आम्ही जाळी टाकली. कावळे जाळीबाहेर बसून चोच आत घालायला शिकले. रॉबिन पक्षी तर खालून चालत आत शिरत.

पक्ष्यांतून वाचलं ते पावसाचं. चेरी पिकायला आली आणि पाऊस पडला, की ती पाणी पिते आणि फुटते. म्हणून खऱ्या बागा डोंगरापलीकडे, याकिमा आणि वेनाचीकडच्या कोरड्या मुलखात. तिथंही ऐन काढणीत सर आलीच, तर बागायतदार हेलिकॉप्टर भाड्यानं आणतात आणि झाडांच्या डोक्यावरून हळूहळू फिरवतात. पंख्यांच्या वाऱ्यानं फळांवरचं पाणी झटकलं जातं. हे ऐकून मी सूनबाईंचं केस वाळवायचं यंत्र, तीस फूट वायर आणि छत्री घेऊन पावसात बाहेर गेलो. चार चेऱ्या वाळवल्या असतील नसतील, तोच चिरंजीव खिडकीतून जे ओरडले, ते त्यांच्या लहानपणी मी त्यांना प्लगमध्ये बोट घालताना पाहून ओरडलो होतो, अगदी तसंच. आवाजसुद्धा माझाच.

अकरातल्या आमच्या वाट्याला आल्या तीन. पातळ साल, आतला गर मलईसारखा फिकट, आणि गोडी अशी की त्यात आंबटपणा नुसता पाहुणा. नात म्हणाली, "आबा, इट्स लाइक मध." सौ.नं डोळे मिटून खाल्ली. मग म्हणाली, "चांगली आहे. पण हापूस तो हापूस." मी म्हणालो, "अर्थात." आम्ही दोघंही पुण्याचे, पाहुणचार घेतला तरी शरण जात नाही.

दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. अधूनमधून पुण्याच्या फेऱ्या होत, पण त्याही झाडाच्या सोयीनं ठरत. छाटणी झाल्यावर निघायचं, बहराच्या आत परतायचं. २०२० च्या मार्चमध्ये मात्र 'आता कायमचं' म्हणून काढलेली तिकिटं साथीनं रद्द केली. मी रोज जेवताना म्हणायचो, "पुण्याला गेलं पाहिजे." सौ. रोज म्हणायची, "हो, गेलं पाहिजे. कोशिंबीर घ्या." २८ जून २०२१ ला सिएटलला ४२ अंश ऊन पडलं. असं ऊन त्या मुलखानं कधी पाहिलं नव्हतं. शेजारपाजारचे लोक तळघरांत जाऊन बसले. आम्ही दोघं ओले पंचे डोक्याला गुंडाळून अंगणात. सौ.नं आपल्या चार जुन्या सुती साड्या काठ्यांवर ताणून पिवळीवर सावली केली. कुंपणापलीकडून अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "माझ्या झाडाला एखादी मिळेल का?" त्या संध्याकाळी त्यांच्या बिंगच्या पश्चिमेकडच्या फांदीवर सौ.ची हिरवी इरकल वाळत घातल्यासारखी फडफडत होती.

त्याच वर्षी शरद ऋतूत अण्णा घरात पडले. कंबरेचं हाड. मुलगी ॲरिझोनाहून आली, आणि जानेवारीत अण्णांनी मला कुंपणाशी बोलावून सांगितलं, की घर विकलं. आता मुलीकडे. घेणाऱ्यांना अंगणात गाडीसाठी जागा हवी आहे.

"म्हणजे झाड?"

अण्णांनी टोपी काढली, बघितली, पुन्हा घातली. मग काहीतरी वेगळंच बोलायला लागले. "तुला ठाऊक आहे, बिंग हे नाव कुणाचं ते?"

मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, कुणी साहेब असेल. बिंग हा एक चिनी मुकादम होता. आ बिंग. ओरेगन राज्यात मिलवॉकी गावी सेथ लेवेलिंग या माणसाची रोपवाटिका होती, तिथं गड्यांवर देखरेख करायचा. सहा फुटांहून उंच. १८७५ च्या सुमारास तिथं ही नवी चेरी निघाली आणि मालकानं तिला मुकादमाचं नाव दिलं. १८८९ साली बिंग घरच्यांना भेटायला चीनला गेला. चिनी मजुरांना येऊ न देण्याचा कायदा १८८२ साली झालाच होता, तो १८८८ साली आणखी कडक झाला होता. बिंगला परत येता आलं नाही. पुढे त्याची चेरी अमेरिकेच्या दुकानादुकानांत पोचली. तो मात्र फिरून त्या बागेत आला नाही.

"मी ॲरिझोनाला चाललोय," अण्णा म्हणाले. "तिथं चेरीला थंडी पुरत नाही म्हणतात."

माझ्या कारकुनी आयुष्यात मी बत्तीस वर्षं कलम चालवली. निवृत्तीनंतर परदेशवासाच्या कायद्याची कलमं वाचण्यात काही वर्षं गेली. आणि दोन्हींच्या आधी, आठव्या-नवव्या वर्षी, कोकणात काकांच्या मागं मागं फिरून मी तिसरं कलम पाहिलं होतं. काका आंब्याची कलमं बांधायचे. खुंट चिरून त्यात काडी पाचरीसारखी बसवायची आणि घट्ट बांधायची. मला ते फक्त सुतळी धरायला देत. "साल सालीला भेटली पाहिजे," एवढंच म्हणत. साठ वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यात बिनकामाचं पडून होतं.

मी अण्णांना म्हटलं, "मला चार काड्या द्या."

त्यांनी स्वतः निवडल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, मागल्या वर्षीच्या, डोळे फुगीर. मुलीनं शिडी धरली नाही, त्यांना चढू दिलं नाही. मग ते खालून काठीनं दाखवत होते आणि मी कापत होतो. काड्या ओल्या कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये गेल्या. शेजारी सफरचंदं ठेवायची नाहीत, त्यांच्या वाफेनं डोळे मरतात, म्हणून सूनबाईंची सफरचंदं दोन महिने हद्दपार झाली. चिरंजीवांनी एकदा पिशवी उघडून विचारलं, "बाबा, या शेवग्याच्या शेंगा जरा जून नाहीत का?"

याच सुमाराला पुण्याहून पत्र आलं. आमचा वाडा पाडायचा ठरला होता. भाडेकरूंनी मेअखेर कळवायचं होतं, नव्या इमारतीत जागा घेता की पैसे. सात वर्षं रोज 'पुण्याला गेलं पाहिजे' म्हणणाऱ्या माणसानं हे पत्र वाचल्यावर पहिला विचार काय करावा? मला सांगायला लाज वाटते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, आपण गेलो तर पिवळीला पाणी कोण घालणार? त्या विचाराची मलाच इतकी भीती वाटली, की मी पत्र घडी करून बियांच्या पाकिटांच्या खणात, पार तळाशी, मेथीच्या खाली घातलं.

एप्रिलमध्ये मी पिवळीच्या फांद्यांवर चार ठिकाणी चिरा दिल्या आणि बिंगच्या चार काड्या बसवल्या. हात कापत होता. साल सालीला भेटवली, पट्टी बांधली, वर मेण. एकाच झाडावर स्थळ आणून बसवलं, घरजावईच म्हणा. पहिली काडी आठवड्यात काळी पडली. दुसरी नातीच्या चेंडूनं उडवली. तिसरीवर एक कावळा वजन करून बघायला बसला. राहिली चौथी. ती नुसती होती. जिवंत नाही, मेलेली नाही. सरकारी अर्जासारखी. इकडे अण्णांचं सामान गेलं, अण्णा गेले. जाताना त्यांनी सौ.ची इरकल इस्त्री करून परत केली.

एप्रिल संपता संपता एका सकाळी मी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात मागच्या दारातून सौ.चा आवाज आला, "अहो, बिंग फुटलं!"

मी बाहेर धावलो. सौ. झाडाशी उभी होती आणि तिच्या हातात घडी केलेला कागद होता. मेथीचे दोन दाणे अजून चिकटलेले. मला दरदरून घाम फुटला.

"मी तुला सांगणारच होतो—" मी सुरू केलं.

"काय सांगणार होतात? बघा की." तिनं कागदानंच फांदीकडे बोट दाखवलं. चौथ्या काडीच्या टोकाचा डोळा उकलला होता आणि त्यातून उंदराच्या कानाएवढं हिरवं पान बाहेर आलं होतं.

मी पान बघितलं. मग कागद बघितला. मग सौ.कडे बघितलं.

"हे मला फेब्रुवारीतच सापडलं," ती म्हणाली. "मेथी पेरायला गेले तेव्हा. वाचलं आणि परत ठेवलं. म्हटलं, बघू किती दिवस दम धरतात. आज शेवटी बाहेर काढलं. मुदत महिन्यावर आली."

"तू का नाही बोललीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

थोडा वेळ आम्ही दोघं त्या पानाकडे बघत राहिलो. मग तीच म्हणाली, "जागा घ्या. एक खोली का होईना. पैसे घेतले तर पुण्याला आपण पाहुणे म्हणून जायचं."

"आणि राहायचं कुठं?"

"ते झाडाला विचारा. आजवर तेच ठरवतंय ना?"

उन्हाळ्यात अण्णांचं बिंग तोडलं. करवतीचा आवाज सबंध दिवस येत होता. सौ.नं त्या दिवशी रेडिओ मोठा लावून पुरणपोळीचा घाट घातला. सण नव्हता काही.

ऑक्टोबरात पुण्याला जाऊन सह्या केल्या, पिंप पालथं घातलं, किल्ली परत दिली. पाच महिने वीस दिवस राहिलो. परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "एवढे दिवस बाहेर? इथं काय करता तुम्ही?" चिरंजीवांनी पाठ करून दिलेलं उत्तर माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, "माझं चेरीचं झाड आहे. या आठवड्यात फुलेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "कुठली चेरी?"

"रेनिअर."

"कावळे?"

"फार."

त्यानं शिक्का मारला.

२०२३ मध्ये पिवळी नखशिखांत फुलली आणि एक फळ धरलं नाही. स्थळ तुटलेलं, आणि घरजावई अजून अल्पवयीन. मी अण्णांना फोन करून ते सांगितलं. ते घसा खाकरून म्हणाले, "घाई करू नकोस." २०२४ च्या मार्चमध्ये त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाली. आम्ही कुठली झाडंबिडं विचारणार नव्हतो, पण तिनंच विचारलं, "बाबांची फांदी कशी आहे?"

त्या वर्षी बिंगच्या फांदीला दोन घोस फुलं आली. जूनअखेर पिवळ्या चेऱ्या मोजल्या तर एकोणतीस, आणि त्या सगळ्या पिवळ्यांमध्ये, एका बाजूला, चार लालकाळ्या. नात म्हणाली, "आबा, झाड चुकलं." मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असं, असं."

चार लाल पिकल्या त्या सकाळी मी जाळी काढून शिडी लावत होतो, तेवढ्यात एक कावळा येऊन थेट त्या फांदीवर बसला. पिवळ्या एकोणतीस सोडून त्यानं मान वाकडी केली आणि एक लाल चेरी चोचीत धरली. मी काठी उचलली.

सौ.नं माझा हात धरला. "असू दे," ती म्हणाली.

कावळा कुंपणावरून पलीकडे गेला आणि अण्णांच्या छपरावर बसून त्यानं ती सावकाश खाल्ली. आम्ही बी खाली पडेपर्यंत थांबलो. मग मी शिडीवर चढलो.